रुमालाखालचे केस

सारायेवो, ६ सप्टेंबर २००४

प्रिय शेमसा आत्या,

सलाम. पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. औषधशास्त्राचे दोन पेपर झाले, तिसरा पुढच्या आठवड्यात. फोन सोडून पत्र का, तर आपला फोन आईच्या पार्लरमध्ये आणि तुला ऐकू येतं कमी. मागच्या खेपेला मला सर्दी झाल्याचं तुला सांगितलं, तर ड्रायरखाली बसलेल्या चार बायकांनी मला चार काढे सुचवले. आज जे सांगायचंय ते त्या चौघींपर्यंत जायला नको.

आत्या, मी डोकं झाकायला लागलेय. तीन आठवडे झाले.

ऑगस्टमध्ये तुमच्याकडून परत आले, तेव्हापासून संध्याकाळी मशिदीत जायची सवय लागली होती. तिथे बांधायला एक रुमाल पर्समध्ये असायचा, तुम्हा सगळ्यांच्या पर्समध्ये असतो तसाच. एक दिवस नमाज आटोपली, बाहेर आले, समोर ट्राम उभी होती म्हणून धावत चढले. तीन थांबे गेल्यावर लक्षात आलं, रुमाल सोडायचाच राहिला. हात वर गेला, पण सोडावासा वाटेना. एवढंच झालं. कुणी सांगितलं नाही, कुणी धाक घातला नाही. त्या दिवशी जे हलकं वाटलं ते अजून तसंच वाटतंय.

तुला पहिल्यांदा सांगतेय कारण आईला सांगायची हिंमत नाही. बाकीच्या मुलींच्या आया फार तर नाक मुरडतात. माझ्या आईचा धंदाच केसांचा! तीस वर्षं ती दुसऱ्यांचे केस सजवतेय आणि सगळ्यात जास्त अभिमान तिला माझ्या केसांचा. पार्लरच्या काचेत चार वर्षं माझा तो भला मोठा फोटो आहे, कंबरेपर्यंत मोकळे केस, आणि खाली ‘सेनियाचं पार्लर’. अख्खं त्राव्निक जाता-येता ते केस बघतं, समोरचा खाटीकसुद्धा. मी डोकं झाकून बायरामच्या ईदला घरी येणार आणि काचेत मीच डोकं उघडं टाकून उभी, हे कसं दिसेल?

म्हणून दोन विनंत्या. एक, कुणाला सांगू नकोस. दुसरी, बायरामच्या आधी तो फोटो काहीतरी निमित्त काढून खाली घे. आईला मी स्वतः सांगेन, फक्त थोडा वेळ दे.

तुझीच,
बेल्किसा


त्राव्निक, ११ सप्टेंबर

बेल्किसा, माझे बाये,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आता आधी हे सांग, मुलगा कोण? हिशेब साधा आहे. बावीस वर्षांची पोर, दिसायला देखणी, एकाएकी डोकं झाकते आणि आईपासून लपवते. दाढीवाला आहे का? आईवडील काय करतात? जावयाचं नाव तेवढं सांग, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल.

बाकी डोकं झाकण्याचं म्हणशील तर मला काय त्याचं नवल! मी चौदा वर्षांची होते तेव्हा सरकारने कायदा केला, की बायकांनी तो डोक्यापासून पायापर्यंतचा काळा झगा अन् तोंडावरचा पडदा सोडायचा. पुष्कळ बायकांनी हसत सोडला. माझी आई, म्हणजे तुझी आजी, मात्र दोन वर्षं बाजारात गेली नाही. वडील कांदे आणायचे ते नेमके सडके. शेवटी सडक्या कांद्यांना कंटाळून ती रुमाल बांधून बाहेर पडली. तेव्हा कुणी सोडा म्हणून भांडत होतं, आता कुणी बांधू नका म्हणून भांडेल. आपल्या घराण्यात बाईच्या डोक्यावरचं कापड ही नेहमीच गावाची पंचाईत झालेली आहे.

माझा रुमाल तर तू बघतेसच. हनुवटीखाली एक गाठ, कपाळावर दोन बोटं केस मोकळे. ती दोन बोटंच तुझी आई दर महिन्याला रंगवून देते. मागे सगळं पांढरंशुभ्र आहे, पण ते मी, ती आणि अल्ला सोडून कुणाला ठाऊक नाही.

फोटोचं मी बघते. पण सांगून ठेवते, कोंबडं झाकून उजाडायचं राहत नाही. आईला लवकर सांग. तुझं पाकीट माझ्या हातात देताना तिने भुवई उडवली. मी म्हटलं, “गुडघ्यासाठी औषध विचारलं होतं पोरीला.” म्हणजे तुझ्यापायी आता मला लंगडत चालावं लागतंय.

तुझी आत्या,
शेमसा

ता. क. दाढी असली तरी चालेल. स्वच्छ असावी.


सारायेवो, २० सप्टेंबर

प्रिय आत्या,

मुलगा नाही! दाढीवाला नाही, बिनदाढीचाही नाही. तुझ्या जावयाचा अजून जन्म व्हायचाय असं समज. मी काही कुणासाठी नटत नव्हते आणि कुणासाठी झाकलंही नाही. अल्लाच्या आणि माझ्यातली गोष्ट आहे. ती लिहायला गेले की मोठमोठे शब्द येतात आणि मला लाज वाटते, म्हणून सोडून देते.

तिसरा पेपरही झाला. गंमत सांगते. खोलीतली यासेंका दर रविवारी चर्चला जाणारी, पण माझ्या रुमालाच्या टाचण्या तीच लावून देते. मला अजून जमत नाही, मानेला टोचतात. परवा नदीच्या पुलावर असा वारा सुटला की रुमाल सगळा तोंडावर आला आणि मी एका पोलिसाला जाऊन धडकले. तो म्हणाला, “ताई, समोर बघायला एक डोळा तरी उघडा ठेवा.” खूप हसलो दोघंही.

एक घोटाळा मात्र झाला. आईचा फोन आला होता. म्हणाली, “बायरामला ये, तुझे केस नव्या तऱ्हेने कापते, काचेत नवीन फोटो लावू.” मी एकदम दचकून म्हटलं, “नको, माझ्या केसांना आता हात लावू नकोस!” पलीकडे ती हळू आवाजात, “बरं बाळा,” म्हणाली आणि फोन ठेवला. आई कधी “बरं बाळा” म्हणते का? रागावली असेल का गं? जरा अंदाज घे. आणि फोटो?

तुझी,
बेल्किसा


त्राव्निक, ४ ऑक्टोबर

बेल्किसा,

फोटो खाली आला. पण त्याबरोबर आणखी बरंच काही कोसळलं, ते क्रमाने सांगते.

बायरामची साफसफाई म्हणून मी सोमवारी व्हिनेगर आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन काच पुसायला गेले. आजवर मी कधी पार्लरची काच पुसली नव्हती, हे माझ्या लक्षात आलं नाही; तुझ्या आईच्या आलं. चौकट उचलली, तर ती माझ्या अंदाजापेक्षा जड निघाली. पडली, काच फुटली. मी म्हटलं, “अरेरे, आता काही दिवस लावता यायचा नाही.” तुझी आई फोटोकडे बघत राहिली. ओरडली नाही, हे मला खटकलं. माझ्या हातून नुसती बशी फुटली तरी ही अर्धा तास बोलते.

मग बुधवारी पाववाल्याची रेफिया आली. ती बहिणीकडे सारायेवोला गेली होती. भर पार्लरमध्ये म्हणाली, “सेनिया, तुझी बेल्किसा ट्राममध्ये दिसली हो, डोकं अगदी घट्ट बांधलेलं, कपाळापर्यंत. आजारी आहे का?” सगळ्या ड्रायरखालची डोकी बाहेर आली.

संध्याकाळी दुकान बंद करून तुझी आई माझ्याकडे वर आली, आणि म्हणाली, “वन्सं, मला सगळं कळलं.” मी मनात म्हटलं, सुटले! तर ती म्हणते, “माझ्या पोरीचे केस गेले.”

हसू नकोस. तिचं डोकं कसं चालतं ते ऐक. तीस वर्षं तिच्या दुकानात ज्या तरुण बाया डोकं कपाळापर्यंत बांधून आल्या, त्या सगळ्या केस गळले म्हणून आल्या. कुणी आजारपणात, कुणी लढाईच्या दिवसांत धसक्याने. तिला रुमालाचा हाच एक अर्थ ठाऊक. वरून तू म्हणालीस, “केसांना हात लावू नकोस.” वरून फोटो मी पाडला, तो म्हणे तिला बघवणार नाही म्हणून. आणि वरून आपली पत्रं. “गुडघ्याच्या औषधाला एवढी पत्रं लागतात का, वन्सं? ती औषधांचं शिकते, तिला ठाऊक असणार काय झालंय ते,” असं म्हणून ती रडायला लागली.

मी खोटं बोलले नाही. गप्प बसले. तू बोलू नको म्हणाली होतीस. पण खरं सांगू का, मला वाटलं, केस गेले या धास्तीनंतर नुसता रुमाल ऐकला तर ती नाचेल. म्हटलं, राहू दे चार दिवस.

ती सारायेवोला यायला निघाली होती, मग स्वतःच थांबली. तिचा धंद्यातला एक नेम आहे, बांधून आलेल्या बाईचा रुमाल आपण सोडायचा नाही, तिला सोडावासा वाटेल तेव्हा ती सोडेल. म्हणून ती तुला काही विचारणारही नाही. एक पार्सल तेवढं पाठवलंय.

शेमसा आत्या


सारायेवो, ११ ऑक्टोबर

अगं आत्या! हे काय करून ठेवलंस!

पार्सल आलं. तीन बाटल्या कसल्याशा मुळांच्या तेलाच्या, दोन बाटल्या अंगाला लागला की आग होते त्या पाल्याच्या काढ्याच्या, आणि काळ्या बियांचा मध. सोबत चिठ्ठी: ‘रोज रात्री मुळांशी. वास येईल, सहन कर.’ यासेंकाने बाटली उघडली आणि खिडक्या उघडून बसली. तरी मी आईला वाईट वाटू नये म्हणून तेल लावलं. आत्या, केस आधीच कमी नव्हते, आता तर रुमालात मावेनात!

पहिल्यांदा मी पोट धरून हसले. मग हसू थांबलं. खरं लिहिते, क्षणभर मनात आलं, असंच चालू दे. बायरामला रुमाल बांधून जावं, आईने केसांचं विचारू नये, सगळ्यांचीच सोय. असा विचार माझ्या मनात यावा! ज्याच्यासाठी डोकं झाकलं तो हे बघत नाही का? माझी मलाच लाज वाटली.

मी फोन केला होता काल. “आई, तू समजतेस तसं काही नाहीये,” एवढं म्हटलं, तर ती घाईघाईने म्हणाली, “हो हो बाळा, काही नाही, होतं असं, परत येतात, माझ्याकडे किती जणींचे आलेत.” आणि मागून रेफियाचा आवाज, “धीर दे तिला, धीर दे!” मी ठेवून दिला. सगळ्या गल्लीसमोर कसं सांगू?

रमजान सुरू होतोय. तो शांतपणे जाऊ दे, बायरामला आले की समोर बसून सांगते. तोवर तिला सांभाळ.

बेल्किसा


त्राव्निक, २७ ऑक्टोबर

बेल्किसा,

बायरामपर्यंत थांबता येणार नाही. आज थट्टा करायलाही माझं मन होत नाही.

तुझ्या आईने आजवर दर वर्षी दोनच रोजे धरले, एक रमजानच्या पहिल्या दिवशी आणि एक सत्ताविसाव्याला, तेही दुपारपासून डोकं दुखतं म्हणत. यंदा ती सगळे धरतेय. तेरा झाले. कॉफीशिवाय ती माणसात नसते, पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत कात्री हातात धरून उभी असते, तोंडातून चकार शब्द नाही. पहिल्या दिवशी माझ्याकडे आली अन् शाळकरी पोरीसारखी म्हणाली, “वन्सं, सजदा कसा करायचा, मी विसरले.” मी कपाळ जमिनीला टेकवून दाखवला. माझ्याच रुमालांतला एक डोक्याला बांधून बसते आणि तुझ्या केसांसाठी दुवा मागते.

पुढचं ऐक. तुझी बाराव्या वर्षी कापलेली वेणी तिने कपाटात जपून ठेवली होती. ती उसवून त्यातला एकेक केस बारीक सुईने जाळीत गुंफतेय. तुझ्यासाठी टोप करतेय. इफ्तारनंतर तुझा बाप जेवणाची भांडी घासतो आणि ती खिडकीपाशी बसते. काल मी म्हटलं, “सेनिया, डोळे जातील.” ती म्हणाली, “माझ्या पोरीने बायरामला मान खाली घालून फिरायचं का, वन्सं?”

बेल्किसा, मी तुझं गुपित राखलं, ही माझी चूक झाली असं म्हणत नाही. पण माझं गप्प बसणं आता खोटं बोलण्यासारखं झालंय, आणि रमजानात ते माझ्याने होत नाही. तुला रविवारपर्यंत मुदत देते. तू सांगत नसशील तर मी सांगते. पण मी सांगितलं तर तिला कळेल की तू आधी मला सांगितलंस, आणि ते तिला रुमालापेक्षा जास्त लागेल.

आत्या


सारायेवो, ३१ ऑक्टोबर

प्रिय आई,

हे पत्र पार्लरमध्ये उघडू नकोस. वर जा, दार लाव आणि मग वाच.

माझे केस गेलेले नाहीत. एकही नाही. मी आजारी नाही, कसलं दुखणं नाही. केस कंबरेपर्यंत आहेत आणि तुझ्या तेलाने चकाकतायत.

मी रुमाल बांधते कारण मला बांधायचाय. ऑगस्टपासून बांधतेय. नमाज पढते, रोजे धरते, आणि त्यात मला बरं वाटतं. कुणी मुलगा नाही. कुणी माझं डोकं फिरवलेलं नाही.

तुला सांगितलं नाही कारण भ्याले. लहानपणापासून रोज सकाळी तू माझे केस विंचरलेस. लढाईत साबण मिळत नव्हता तेव्हा राखेच्या पाण्याने धुतलेस, पण उवा होऊ दिल्या नाहीस. ते केस झाकले तर तू म्हणशील, हिला माझ्या हातांची लाज वाटते. असं नाहीये, आई. तुला कसं पटवू ते कळेना म्हणून लपवत गेले, आणि तू तिकडे माझ्यासाठी उपाशी राहिलीस. आत्याला मी आधी सांगितलं होतं आणि गप्प राहायला लावलं. तिचा दोष नाही.

मला माफ कर. बायरामला येऊ का, ते कळव. नको म्हणालीस तर येणार नाही.

तुझी बेल्किसा


त्राव्निक, ५ नोव्हेंबर

बेल्किसा,

कार्टे!

मला पत्र लिहायची सवय नाही. मी वहीत गिऱ्हाइकांची नावं लिहिते तेवढंच, त्यामुळे आडवंतिडवं वाचून घे.

दार लावून वाच म्हणालीस, मी जिन्यातच वाचलं. ‘एकही नाही’ इथपर्यंत वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले. मग खाली येऊन एप्रन फेकला, रस्त्यावर गेले आणि मोठ्याने हसले. खाटीक सुरा हातात घेऊन धावत आला, त्याला वाटलं कुणी मेलं. रेफियाला म्हटलं, “माझ्या पोरीचे केस कंबरेपर्यंत आहेत, जा, आता हे सांगत फीर गावभर!”

मग परत वर जाऊन बाकीचं वाचलं, आणि जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. बावीस दिवस, बेल्किसा! बावीस दिवस मी दिवसभर घोटभर कॉफी घेतली नाही. तुझ्या आत्याला हे ठाऊक होतं आणि ती मला सजदा शिकवत होती! तिच्याशी मी दोन दिवस बोलले नाही. काल तिची कपाळावरची दोन बोटं रंगवायची होती, तीही न बोलताच रंगवली. जरा लालसर झालीत. होऊ देत.

स्पष्ट सांगते, मला आवडलेलं नाही. कळतही नाही. एवढे सुंदर केस देवानेच दिले ना, मग त्यालाच झाकलेले कसे आवडतात? तू मला समजावून सांगशील आणि मला पटणार नाही, तेव्हा ती तसदी घेऊ नकोस. आणि ‘येऊ का’ असं आपल्या घरी यायला कुणी विचारतं का? परत असं लिहिलंस तर याद राख.

आता धंद्याचं ऐक. ओल्या केसांवर कधी बांधायचं नाही, मुळं कुजतात. प्लास्टिकच्या धाग्याचे ते चकाकते रुमाल घेतले असशील तर आधी फेक, सुती घे. अंबाडा रोज एकाच जागी घालू नकोस, तिथलेच केस तुटतात. घरी गेलीस की तासभर मोकळे सोड, त्यांना वारा लागू दे. झाकायचेत म्हणून हेळसांड केलीस तर बघ. टोप मी पुरा करणार आहे, पाऊण झालाच आहे. ज्यांना खरी गरज असते त्या येतातच माझ्याकडे, कुणाच्या तरी डोक्यावर बसेल.

आणि रोजे मी पुरे तीस करणार. तू म्हणशील आता कशाला. तुझ्या केसांसाठी मागितलं होतं, केस तर मिळाले. मागितलेलं मिळाल्यावर तोंड फिरवणारी बाई मी नाही.

बायरामच्या आदल्या दिवशी सकाळच्या बसने ये.

आई


सारायेवो, १८ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

सुखरूप पोचले. तू दिलेला पाकातला गोड बकलावा यासेंकाने एका बैठकीत निम्मा संपवला.

तू तीन दिवस माझ्या मागे लागली होतीस, “त्या दुपारी पार्लरमध्ये काय झालं ते सांग,” म्हणून. आईसमोर सांगता येईना. तू वरून काठीने जमीन ठोकत होतीस ते आम्हाला ऐकू येत होतं, पण तुला बकलाव्याच्या पाकापासून हलता येत नव्हतं ना! आता सांगते.

बायरामच्या आदल्या दिवशी पार्लरमध्ये काय गर्दी असते, तुला ठाऊकच आहे. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. मी बसमधून उतरून थेट तिथेच गेले. आईने मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. मग खुर्चीतल्या बाईचं डोकं पुसलं आणि तिला म्हणाली, “झालं तुमचं.” बाकावरच्या दोघींना म्हणाली, “नंतर या.” दारावरची पाटी उलटी केली, कडी घातली आणि काचेवरचे पडदे खाली ओढले. त्या काचेवरचे पडदे मी आजवर रात्रीशिवाय कधी खाली बघितले नव्हते.

मग हातात कंगवा घेऊन नुसती उभी राहिली. मी रुमाल सोडेपर्यंत पुढे आली नाही.

सोडला. तिने दोन्ही हात केसांत घातले, मुळांपाशी, आणि बराच वेळ तसेच ठेवले. मी आरशात बघितलं तर ती रडत होती. म्हणाली, “मोजतेय.” मग धुतले, पुसले आणि कामाला लागली. दीड तास, आत्या! बारीक बारीक वेण्या घालून त्या मागे वळवून गुंफल्या, लग्नातसुद्धा कुणी करत नाही असलं काहीतरी. तोंडात टाचण्या. मधेच दार वाजायचं, बाहेरून कुणीतरी ओरडायचं, “सेनिया, उद्या बायराम आहे, माझे केस!” आणि आई टाचण्यांमधूनच ओरडायची, “बंद आहे!” रेफिया तर तीनदा येऊन गेली. मी मोजलं, सात बायका परत गेल्या.

सातवी गेली तेव्हा माझ्याने राहवेना. म्हटलं, “आई, तू त्यांना आत का घेत नाहीस?”

ती म्हणाली, “मग? तुझे केस उघडे आहेत ना! कुणी बघायचे नाहीत. एवढं मला कळतं.”

“अगं, बायकांनी बघितले तर चालतात. परक्या पुरुषांपुढे झाकायचे असतात.”

तिने तोंडातल्या टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या. माझ्याकडे बघितलं, पडद्यांकडे बघितलं.

“हे आधी सांगायला काय झालं होतं? बायरामच्या आदल्या दिवशी मी सात गिऱ्हाइकं हाकलली! सात!”

आत्या, मला हसू आवरेना, आणि हसता हसता रडू आलं. तिला न पटणाऱ्या गोष्टीसाठी, न विचारता, स्वतःचा सगळ्यात मोठा दिवस तिने कडी घालून बंद केला होता. आणि मी तीन महिने हिला घाबरत होते!

मग तिने कडी काढली. पडदे मात्र तसेच ठेवले, खाटकासाठी. दारातून मान बाहेर काढून ओरडली, “या गं सगळ्या! पण पुरुष कुणी नको!” पाच मिनिटांत सगळ्या आत. रेफिया माझ्याभोवती दोन चकरा मारून म्हणाली, “खरे आहेत का गं?” आई म्हणाली, “ओढून बघ.” तिने खरंच ओढून बघितले! सगळ्या खिदळत होत्या. एक जण हळहळली, “एवढं केलंस, सेनिया, आणि आता ही झाकणार. काय उपयोग?” मी आईकडे बघितलं. तिने रुमाल उचलला आणि मला म्हणाली, “कसा बांधतेस ते दाखव.” एकदा दाखवला, तिने सोडून पुन्हा स्वतः बांधला. आत्या, एक टाचणी टोचली नाही. नुसती बघून तिने माझ्यापेक्षा चांगला बांधला.

तेवढ्यात तू वरून पाक तयार झाल्याची हाळी दिलीस, आणि आईने मला बकलाव्याचं ताट आणायला पाववाल्याच्या भट्टीवर पिटाळलं. मी रस्त्यावर आले. समोर खाटीक, पलीकडे पाववाला, मशिदीतून बाहेर पडणारी माणसं, सगळे माझ्याकडेच बघत होते. एवढे दिवस सारायेवोत रुमाल बांधून फिरले, पण आपल्या गल्लीत पहिल्यांदाच. माझी मान आपोआप खाली गेली.

आणि मागून, पार्लरच्या दारातून, अख्ख्या त्राव्निकला ऐकू जाईल अशा आवाजात आई ओरडली, “बेल्किसा! मान वर! त्या कापडाखाली माझं दीड तासाचं काम आहे!”

सगळा रस्ता हसला. मी मान वर केली, आणि भट्टीपर्यंत तशीच चालत गेले.

तुझीच,
बेल्किसा